टाळ्या न मागणारा मुत्सद्दी

१९९२च्या जानेवारीत यासर अराफत दिल्लीत आले. त्यांचे स्वागत नेहमीप्रमाणेच घरच्या माणसासारखे झाले. पॅलेस्टाईनला भारताने १९८८ मध्येच मान्यता दिली होती, इंदिरा गांधींना अराफत बहीण मानत आणि त्यांचा तो चौकड्यांचा रुमाल दिल्लीकरांच्या चांगला ओळखीचा होता. या खेपेला मात्र पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना पाहुण्याशी एक अवघड विषय बोलायचा होता. भारत इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडण्याच्या विचारात होता. अराफत यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळावी, असे राव यांना नको होते. भेटी झाल्या, बोलणे झाले. दिल्लीतच अराफत यांनी जाहीरपणे सांगितले की, कोणाशी संबंध ठेवायचे आणि राजदूत कुठे पाठवायचा, हा भारताचा सार्वभौम अधिकार आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ जानेवारीला, भारताने निर्णय जाहीर केला. सुरक्षा परिषदेच्या शिखर बैठकीसाठी राव न्यूयॉर्कला निघायच्या तोंडावर ही घोषणा झाली, आणि ती केली परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांनी.

चार दशके अडलेले काम एका सचिवाच्या निवेदनाने पुरे झाले. इस्रायलला भारताने मान्यता दिली होती ती १७ सप्टेंबर १९५० रोजी. पण दिल्लीत त्याची वकिलात कधी उघडू दिली नाही. १९५३ पासून मुंबईत एक कौन्सुलेट तेवढे चालत असे. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांना या अर्धवट नात्याची झळ थेट पोचत होती. अलिबाग-पेण भागात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे, घरात मराठी बोलणारे हे लोक. त्यांतले हजारो इस्रायलला गेले. मागे राहिलेल्या नातेवाइकांचा आणि त्यांचा दुवा म्हणजे मुंबईचे ते छोटे कार्यालय. १९८२ मध्ये भारताच्या धोरणावर टीका करणारी मुलाखत दिली म्हणून तिथल्या कौन्सुलला देश सोडायला सांगितले गेले. त्या वेळी भारताचे परराष्ट्रमंत्री होते नरसिंह राव.

दहा वर्षांत जग बदलले आणि राव यांनी ते बदललेले पाहिले. १९९१च्या ऑक्टोबरात माद्रिदमध्ये अरब आणि इस्रायली एका टेबलाशी बसले. डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. २४ जानेवारीला चीननेही इस्रायलशी संबंध जोडले. तरी देशांतर्गत अडचण उरलीच होती. मंत्रिमंडळातल्या अर्जुन सिंह यांना भीती वाटत होती की, या निर्णयाने मुस्लिम मतदार काँग्रेसपासून दूर जाईल. दीक्षित यांनी आपल्या आठवणींत हे नोंदवले आहे. राव यांनी वाद वाढवला नाही. त्यांनी क्रम नीट लावला. आधी १६ डिसेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांत, झायोनिझमला वंशवाद ठरवणारा १९७५ चा ठराव रद्द करण्याच्या बाजूने मत दिले, मग अराफत यांना विश्वासात घेतले आणि सर्वांत शेवटी घोषणा केली. पॅलेस्टिनींना भारताचा पाठिंबा कायम राहिला आणि अरब देशांशी संबंध तुटले नाहीत.

लोकप्रियता आणि नेतृत्व या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच मानल्या जातात. त्या किती वेगळ्या आहेत हे पाहायचे असेल, तर १९९१ ते १९९६ ही दिल्लीची पाच वर्षे बारकाईने पाहायला हवीत.

राव महाराष्ट्राला परके नव्हते. वंदे मातरम् गाण्यावरून निजामाच्या राज्यात शिक्षणाचे दार बंद झाल्यावर ते नागपूरला आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातही शिकले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, छावणीत त्यांनी काम केले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसच्या बाजूने न भूतो अशी लाट आली. देशभरात भारतीय जनता पक्षाला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. त्यांतली एक हणमकोंड्याची, आणि तिथे पडलेले काँग्रेस उमेदवार होते नरसिंह राव. त्यांच्या स्वतःच्या मुलखाने त्यांना नाकारले होते. ते लोकसभेत पोचले ते नागपूरजवळच्या रामटेकमधून. १९८९ मध्येही रामटेकनेच त्यांना दिल्लीला पाठवले.

१९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. पुस्तके बांधून हैदराबादला परतायची तयारी चालली होती. २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि चित्र पालटले. पंतप्रधानपदासाठी शरद पवारांचे नाव जोरात होते. त्यांच्यामागे आमदार-खासदारांचे बळ होते, जनाधार होता. पक्षाने निवडले राव यांना, आणि पवार संरक्षणमंत्री झाले. २१ जूनला शपथ घेतली तेव्हा राव खासदारही नव्हते. सरकारला बहुमत नव्हते. परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकाच होता. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बाहेर पाठवले आणि ते गहाण ठेवून कर्ज उभारले. ज्या देशात घरातले सोने गहाण पडणे ही अब्रूची गोष्ट मानतात, त्या देशात नव्या पंतप्रधानाची सुरुवात अशी झाली.

त्यांचे पहिले पाऊलही चुकले. ऑगस्टमध्ये मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झाले, तेव्हा राव यांनी घाईने काढलेले उद्गार बंडखोरांना सोयीचे वाटावेत असे होते. तीन दिवसांत बंड कोसळले आणि दिल्लीत त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यानंतर परराष्ट्र व्यवहारात राव घाईने बोलताना क्वचितच दिसले.

लोकप्रियतेचा विचार केला तर त्यांच्यासमोर जवाहरलाल नेहरूंचे उदाहरण होते. १९५४च्या ऑक्टोबरात नेहरू पेकिंगला गेले तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लाखो लोक उभे होते. १९५६ मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले तेव्हा ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या घोषणांनी राजधानी दुमदुमली. नेहरूंचा शब्द आफ्रिका-आशियात आदराने ऐकला जात होता. पण त्याच काळात अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढला, आणि ही गोष्ट सरकारने संसदेला सांगितली ती १९५९च्या ऑगस्टअखेरीस. तोवर सीमेवर लोंगजूला चकमक झाली होती. ऑक्टोबरात कोंगका खिंडीत भारतीय जवान मारले गेले. लोकांना एकदम जाग आली आणि त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले.

१९६०च्या एप्रिलमध्ये चौ पुन्हा दिल्लीत आले, तेव्हा जुन्या घोषणा कुठेच नव्हत्या. आठवडाभर बोलणी चालली. गोविंद वल्लभ पंत आणि मोरारजी देसाईही चौंना भेटले. पूर्वेकडे चीनने दावा सोडावा आणि पश्चिमेकडे भारताने, असा देवघेवीचा अर्थ चौंच्या बोलण्यातून निघत होता. विरोधी पक्ष तसूभर जमीन सोडू नका म्हणून आधीच बजावून बसले होते, आणि नेहरूंनीही संसदेत तशी ग्वाही दिली होती. ती देवघेव मान्य करायला हवी होती की नाही, यावर आजही मतभेद आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. सगळी माहिती वेळीच लोकांपुढे आणि विरोधकांपुढे ठेवली असती, तर नेहरूंना निदान निवड करायला मोकळीक राहिली असती. एवढा लोकप्रिय पंतप्रधान, पण अप्रिय सत्य ऐकायला त्याने लोकांना तयार केले नव्हते. त्यामुळे त्या आठवड्यात ती लोकप्रियता त्याच्या कामी आली नाही. बोलणी फसली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजा उतरल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून जपून ठेवले आहे. त्यामागे दिल्लीतल्या एका मोठ्या अपयशाची कहाणी आहे, हे मात्र आपण क्वचित आठवतो.

१९६० नंतर चीनचा पंतप्रधान दिल्लीत आला तो थेट १९९१च्या डिसेंबरात. ली फंग आले आणि त्यांचे यजमान राव होते. मधल्या काळात १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला जाऊन आले होते. चीनचे सर्वोच्च नेते डेंग श्याओफिंग यांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता, आणि ते दृश्य भारतभर गाजले. तेव्हाही परराष्ट्रमंत्री राव होते. त्या हस्तांदोलनाला करारात उतरवायचे काम आता त्यांच्याकडे आले. १९९२च्या जुलैत शरद पवार चीनला गेले. चीनला जाणारे ते पहिले भारतीय संरक्षणमंत्री. अधिकारी पातळीवर मसुद्यामागून मसुदे झाले.

वाटाघाटींत सहभागी असलेले शिवशंकर मेनन यांनी या कराराची हकिकत पुढे पुस्तकात लिहिली आहे. तिच्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सहीपूर्वी राव यांनी विरोधी नेत्यांना विश्वासात घेण्याचा आग्रह धरला. सही ७ सप्टेंबर १९९३ रोजी बीजिंगमध्ये झाली. पंतप्रधान हजर असताना भारताच्या वतीने सही केली राज्यमंत्री आर. एल. भाटिया यांनी. कराराचा आशय साधा होता. सीमाप्रश्न सुटेपर्यंत दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष ताबारेषेचा मान राखायचा, बळ वापरायचे नाही, बळाची धमकी द्यायची नाही आणि सैन्य कमीत कमी ठेवायचे. या कराराने सीमेबाबत कोणाचीही भूमिका बदलत नाही, असेही त्यात लिहून घेतले होते.

टीका झाली, आजही होते. ताबारेषेची कल्पना १९५९ मध्ये चौंनीच मांडली होती आणि नेहरूंनी ती नाकारली होती. तीच राव यांनी का स्वीकारली, हा प्रश्न रास्त आहे. ती रेषा नेमकी कुठून जाते यावर कधी एकमत झाले नाही, ही कराराची मोठी उणीव राहिली. पण दुसरी बाजूही मांडायला हवी. काश्मिरात दहशतवाद पेटला होता, तिजोरी रिकामी होती, जुना मित्र सोव्हिएत संघ नकाशावरून गेला होता. अशा वेळी उत्तर सीमेवर शांतता मिळवणे ही देशाची पहिली गरज होती. १९७५ नंतर २०२० पर्यंत त्या सीमेवर चिनी सैन्याशी झटापटीत एकही भारतीय जवान गेला नाही. जून २०२० मध्ये गलवानला वीस जवानांनी प्राण दिले, तेव्हा ही व्यवस्था मोडली. मोडेपर्यंत तिने सत्तावीस वर्षे काढली, आणि त्या काळात देशाला अर्थव्यवस्था उभी करायला सवड मिळाली.

राव यांच्या पद्धतीचा सर्वांत ठळक नमुना १९९४च्या जीनिव्हात दिसला. मागच्या ऑक्टोबरात हजरतबल दर्ग्याला वेढा पडला होता. अमेरिकेच्या रॉबिन राफेल यांनी काश्मीरच्या सामीलनाम्यावरच प्रश्नचिन्ह लावले होते. पाकिस्तानात बेनझीर भुट्टो यांच्या सरकारने संधी साधून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात काश्मीरवर ठराव आणला. तो मंजूर झाला असता तर भारताला जगापुढे आरोपी म्हणून उभे राहावे लागले असते.

२२ फेब्रुवारी १९९४ रोजी संसदेने जम्मू-काश्मीर भारताचे अविभाज्य अंग असल्याचा ठराव एकमताने केला. मग राव यांनी जीनिव्हाच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व दिले अटलबिहारी वाजपेयी यांना. वाजपेयी तेव्हा लोकसभेतले विरोधी पक्षनेते होते. बाबरी मशीद पडून सव्वा वर्ष झाले होते आणि त्यांचा पक्ष सरकारवर रोज तुटून पडत होता. परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद आणि काश्मीरचे फारूक अब्दुल्ला वाजपेयींच्या हाताखाली गेले. परदेशी प्रतिनिधींना तिथे सत्ताधारी आणि विरोधक, हिंदू आणि मुसलमान, एका बाकावर बसलेले दिसले.

दुसरी आघाडी तेहरानची होती. इस्लामी देशांची एकजूट तुटल्याशिवाय ठराव अडणार नव्हता. राव १९९३च्या सप्टेंबरात इराणला जाऊन आले होतेच. आता परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह, गंभीर आजारी असतानाही, राव यांचे पत्र घेऊन तेहरानला गेले. इराण आणि चीन यांनी ठराव रेटू नका असा सल्ला दिला आणि ९ मार्चला पाकिस्तानने तो मागे घेतला. विजय भारताचा होता आणि नाव झाले वाजपेयींचे. आजही जीनिव्हा म्हटले की लोकांना वाजपेयी आठवतात. राव यांना यश हवे होते. श्रेय दुसऱ्याला गेले याची खंत त्यांनी केल्याचे कुठे दिसत नाही.

पूर्वेकडच्या देशांशीही त्यांनी असेच हळूहळू नाते जुळवले. १९९२ मध्ये आसियानशी मर्यादित संवाद सुरू झाला, १९९५ मध्ये पूर्ण भागीदारी मिळाली. १९९४च्या सप्टेंबरात सिंगापूरला व्याख्यान देऊन राव यांनी ‘पूर्वेकडे पाहा’ धोरणाची दिशा मांडली. त्याआधी १९९३ मध्ये ते सोलला गेले होते. या धोरणाचे सगळ्यांत जवळचे पुरावे दिल्लीच्या शेजारीच आहेत. नव्वदच्या दशकात देवू सूरजपूरला, सॅमसंग नोएडाला आणि एलजी ग्रेटर नोएडाला आली. गावांच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. आज तिथल्या कोरियन खानावळींत जेवणाऱ्या तरुणांना बहुधा राव यांच्या त्या दौऱ्याची कल्पनाही नसेल.

१९९५च्या डिसेंबरात पोखरणला अणुचाचणीची तयारी झाली होती. अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली, १५ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली आणि राजदूत फ्रँक विझनर यांनी दिल्लीत दबाव आणला. निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती. चाचणी केली असती तर एका दिवसात राव यांना देशभर डोक्यावर घेतले असते. नुकत्याच सावरलेल्या अर्थव्यवस्थेला निर्बंध पेलतील का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी चाचणी केली नाही, पण कार्यक्रम बंदही केला नाही. १९९६च्या मे महिन्यात वाजपेयी पंतप्रधान झाले, तेव्हा सगळी सामग्री तयार असल्याचे राव यांनी त्यांच्या कानावर घातले. १९९८ मध्ये वाजपेयींनी चाचण्या केल्या. राव गेल्यानंतर वाजपेयींनी स्वतःच ही गोष्ट सांगितली आणि अणुसिद्धतेचे श्रेय राव यांना दिले.

हा लेख राव यांच्या आरतीसाठी लिहिलेला नाही. थांबायचे, ऐकायचे, सगळ्यांना बोलू द्यायचे आणि शेवटच्या क्षणापर्यंत पत्ते उघडायचे नाहीत, हा त्यांचा स्वभाव परदेशांशी वागताना उपयोगी पडला. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत त्याच स्वभावाने घात केला. मशीद पडत असताना दिल्लीचे केंद्र सरकार हतबल दिसले. त्यानंतर मुंबईत जे घडले, ते मराठी माणसाने जवळून पाहिले आहे. परक्या राजधान्यांत संयम हे बळ होते. स्वतःच्या देशात कायदा तुडवला जात असताना तोच संयम कर्तव्यच्युती ठरला. पंतप्रधान म्हणून ही जबाबदारी त्यांची होती आणि इतिहास ती त्यांच्या नावावरच मांडणार.

१९९६ मध्ये काँग्रेस १४० जागांवर आली. लोकांनी राव यांना नाकारले आणि नंतर पक्षानेही दूर केले. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा २४, अकबर रोड इथल्या पक्ष कार्यालयाचे फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडले नाही. ते फाटकाबाहेर काही वेळ थांबले आणि मग हैदराबादला नेण्यात आले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले, ते दुसऱ्या पक्षाच्या सरकारकडून.

आता हिशेब मांडू. इस्रायलशी असलेले संबंध नंतरच्या प्रत्येक सरकारने पुढे नेले. पूर्वेकडचे धोरण नाव थोडे बदलून आजही चालू आहे. अणुसिद्धतेचा वारसा सरकारे बदलली तरी सुरक्षित राहिला. जो निर्णय विरोधक सत्तेवर आल्यावरही बदलत नाहीत, तो निर्णय नेत्याचा राहत नाही, देशाचा होतो. परराष्ट्र धोरणात नेतृत्वाची यापेक्षा खरी कसोटी नाही. लोकप्रियता ही काही वाईट गोष्ट नव्हे. लोकशाहीत तिच्यावाचून सत्ता मिळत नाही, आणि नेहरूंच्या लोकप्रियतेने स्वतंत्र भारताला जगात आवाज मिळवून दिला, हेही खरे. पण ती खर्च करायची असते. जपून ठेवलेली लोकप्रियता अवघड दिवशी नेत्याचे हात बांधते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. आपला पंतप्रधान, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, परदेशातून परतला की सभेला किती लोक जमले, स्वागत कसे झाले, हे जरूर पाहा. त्यानंतर तीन प्रश्न विचारा. लिहून काय मिळाले? त्यासाठी देशातल्या कोणाकोणाला विश्वासात घेतले? आणि उद्या सरकार बदलले तर यातले काय टिकेल? या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतील, त्यालाच नेता म्हणावे.